साहेबांसाठी पाणी

३ फेब्रुवारी

मायना रिकामा ठेवला आहे. तुला ठकू म्हणायचा हक्क अजून शिल्लक आहे की नाही ते माहीत नाही, आणि दुसरं काही लिहायला हात धजत नाही. तेव्हा ती जागा तशीच राहू दे.

काल तुझी मावशी आली होती. चपला काढता काढताच म्हणाली, "भाऊजी, आधी बसा. निरोप आहे." मी बसलो. दोन वर्षांनी तुझा निरोप येतोय म्हटल्यावर उभं राहून ऐकणं जमलंही नसतं. तिने एकेक बोट दुमडत सांगितलं, काही राहून जायला नको म्हणून. कंपनी तुला दोन वर्षांसाठी लांब पाठवते आहे. तीस मार्चला विमान. साहेबांना विमानात नेता येत नाही. माझ्याकडे टाकी तयार असेल तर अठ्ठावीस मार्चला तू स्वतः त्यांना घेऊन येशील. नसेल तर तुझ्या तिकडचा माशांचा दुकानदार त्यांना ठेवून घेईल, आणि मग तुला इथे यायचं कारण नाही. शेवटचं वाक्य मावशीने जरा हळू म्हटलं.

"आणि तयार म्हणजे नुसती पाणी भरलेली नव्हे," ती म्हणाली. "तयार म्हणजे तयार. हे तिने दोनदा बजावलंय."

साहेब अजून आहेत हे ऐकून बरं वाटलं. तुझ्या आईने त्या काळ्या सकर माशाला हे नाव ठेवलं तेव्हा तू शाळेत होतीस. दिवसभर काचेला तोंड लावून एका जागी बसायचा, काम कधी करतो ते कुणाला दिसायचं नाही, जेवायला मात्र वेळेवर हजर. "आमच्या ऑफिसातले साहेब हुबेहूब असेच आहेत," ती म्हणाली होती, आणि तू हसून हसून उचकी लावून घेतली होतीस.

जुनी टाकी मी तू गेल्यावर देऊन टाकली. रिकामी बघवत नव्हती. आज नवी आणली, जेवणाच्या टेबलाशेजारी, जुनीच्या जागी ठेवली. फरशीवर जुन्या स्टँडचे चार डाग होते, त्यांच्यावरच बरोबर बसली.

फोन तू उचलत नाहीस, त्यात काही चुकीचं नाही. पत्राचं बरं असतं, न उघडता फेकता येतं.

एक सांगून ठेवतो. मासे मेले त्या वेळी वीज सहा तास गेली होती, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. या वेळी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच आणून ठेवला आहे.

बाबा


१२ फेब्रुवारी

माशांच्या दुकानातली बाई तुझ्याच वयाची असेल. तोंडाची फटकळ. मला म्हणाली, "काका, नव्या टाकीत लगेच मासा सोडाल तर आठवड्यात मरेल. आधी जंतू वाढवावे लागतात."

मी म्हटलं, "बाई, एकतीस वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन सोडला मी. या अख्ख्या शहराच्या पाण्यातले जंतू मारले."

"मग आता थोडे पाळा," ती म्हणाली आणि बाटली पुढे केली.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी मला कळलं आहे की नाही हे तुला कळावं म्हणून लिहितो. माशाच्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विष. एक जातीचे जंतू त्याचं नायट्राइट करतात. तेही विष. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचं नायट्रेट करतात, ते माशाला झेपतं. हे दोन्ही जातीचे जंतू फिल्टरमध्ये घर करून बसले की टाकी तयार. आपोआप यायला फार वेळ लागतो, म्हणून बाटलीतून आणायचे. टाकीत मासा नाही, तोवर त्यांना खायला अमोनियाचे थेंब रोज मोजून घालायचे. म्हणजे मी सध्या रिकाम्या टाकीला जेवण घालतो.

उरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली आहे. मावशीने दूध काढायला फ्रिज उघडला आणि किंचाळली, "भाऊजी, दुधाशेजारी जंतू?" आता ती चहा पिऊनच घरून निघते.

बाईने पाण्यातला क्लोरीन मारायचं औषधही दाखवलं. मला हसू आलं. बादल्या दिवसभर उघड्या ठेवल्या की क्लोरीन उडून जातो, हे मला कुणी शिकवायचं? बारा बादल्या गॅलरीत मांडल्या, दुसऱ्या दिवशी टाकीत ओतल्या. पाठ धरली आहे, पण ते होणारच होतं. थेंब घालण्याआधीच तपासणीच्या नळीत थोडा अमोनिया दिसला. नळी नीट विसळली नसेन.

वीज सहा तास गेली होती असं मागच्या पत्रात लिहिलं. चार असतील. आता इतकं आठवत नाही.

बाबा


२६ फेब्रुवारी

काही होत नाहीये. अमोनिया जिथल्या तिथे, उलट चढतोच आहे. नायट्राइटची नळी पहिल्या दिवशी होती तशी निळीच, म्हणजे शून्य. म्हणजे जंतू खात नाहीत. म्हणजे जंतू नाहीत.

रोज सकाळी आठला तीन नळ्या भरतो, थेंब मोजतो, हलवतो, पाच मिनिटं थांबतो आणि रंगाच्या कार्डाशेजारी धरतो. केंद्रात हे करताना कधी कंटाळलो नाही. इथे कंटाळतो. तिथे निदान आकडा बदलायचा. शेजारचे काका पेपर मागायला आले, टाकीसमोर उभे राहिले.

"मासे कुठेत?"

"मासे नाहीत. जंतू आहेत."

"दिसत नाहीत."

"नाहीतच बहुतेक," मी म्हटलं. ते पेपर घेऊन गेले.

दुकानात गेलो. बाईने एवढंच विचारलं, "काका, पाण्यात औषध घातलं होतं?"

"गरज नव्हती. पाणी दिवसभर उघडं ठेवलं होतं."

"मग बाटली मोरीत ओतली असं समजा."

मला राग आला. या पाण्याचं मला कुणी सांगू नये असं काहीतरी मोठ्याने बोललो आणि निघून आलो. वाटेत गुडघा दुखायला लागला म्हणून बागेच्या कठड्यावर बसलो. अठ्ठावीसला तू यायला तीस दिवस उरले आहेत. घरात पाऊल टाकल्यावर तू आधी टाकी बघशील, मग मला. टाकी तयार नसेल तर मला बघायची वेळच येणार नाही.

बाबा


३ मार्च

तुला लंबू आठवत असेल, केंद्रातल्या प्रयोगशाळेतला, दारातून वाकून यायचा तो. तो अजून नोकरीत आहे. काल त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बॉस," मग म्हणाला, "तुम्ही निवृत्त झालात आणि सहा महिन्यांत पद्धत बदलली. आता नुसता क्लोरीन नसतो. त्यात अमोनिया मिसळतो, लांबच्या नळापर्यंत टिकावा म्हणून. तो उडून जात नाही. आठवडाभर बादली उघडी ठेवा, तिथेच असतो."

मी कपाळाला हात लावला. पहिल्या दिवशी पाण्यात दिसलेला अमोनिया नळीचा नव्हता, नळाचा होता. बाटलीतले जंतू मी आमच्याच केंद्राच्या पाण्यात घातले आणि आमच्याच केंद्राने ते मारले. गेली तीन वर्षं मी कुणी विचारलं की सांगतो, या पाण्यात काय आहे ते मला डोळे मिटून माहीत आहे. माहीत नव्हतं. मी पितो ते पाणीही मला माहीत नव्हतं.

"मला कळवलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्हाला कशाला कळवणार, बॉस? तुम्ही घरी होता," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही.

आज दुकानात जाऊन बाईची माफी मागितली. तिने माफ केलं आणि वर औषधाची बाटली दिली. टाकी रिकामी केली, पुन्हा भरली, औषध घातलं, तासाभराने जंतूंची दुसरी बाटली ओतली. मधला सगळा महिना पाण्यात गेला. थेंब मोजायला या वेळी मावशीला बसवलं. ती नाकाला पदर लावून मोजत होती, पण चुकली नाही.

बाबा


१६ मार्च

अमोनिया उतरला. काल होता त्याच्या निम्मा. नळी खिडकीत धरली, परत धरली, आणि खुर्ची ओढून खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं. मासा नसलेल्या टाकीसमोर बसून रडणारा म्हातारा तुला दिसला असता तर तू काय म्हणाली असतीस कुणास ठाऊक.

नायट्राइट मात्र आता जांभळं, गडद. बाई म्हणते हे असंच व्हायचं. पहिल्या जातीचे जंतू कामाला लागले, दुसरे सावकाश येतात. किती सावकाश, विचारलं. म्हणाली, "काका, त्यांना तुमची तारीख माहीत नसते." मग तिने विचारलं, "ओळखीत कुणाची जुनी टाकी आहे का? तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा आणलात तर चार दिवसांत काम होईल. त्यात जंतू आधीच बसलेले असतात." मी म्हटलं, आहे एक, पण मागता येणार नाही. तिने पुढे विचारलं नाही.

दमलोय गं. कामाने नाही, काम कितीसं आहे. रोज सकाळी त्या जांभळ्या नळीकडे बघून दमतो. दिवसाची सुरुवातच नकाराने होते.

काल फिल्टर उघडून बघितला. स्पंजावर पातळ तपकिरी थर धरू लागला आहे. बोट लावलं तर बुळबुळीत. बाई म्हणाली, "तीच तुमची कमाई. त्याला हात लावू नका." हा थर म्हणजे घाण नसते, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

वीज गेली होती. फार वेळ नसेल.

बाबा


२३ मार्च

नाही.

तुझं कार्ड काल आलं. "नायट्राइट शून्य आहे का? हो किंवा नाही, एवढंच कळवा." दोन वर्षांत तुझ्या अक्षरातली ही पहिली ओळ. उत्तर वर दिलं आहे. पुढचं वाचायचं नसेल तर इथेच थांब.

आज सकाळी नळी खिडकीत धरली तर जांभळी. मग ती स्वयंपाकघरात नेऊन पिवळ्या दिव्याखाली धरली. तिथे निळी म्हणता येईल. अगदी डोळे मिटून नव्हे, पण म्हणता येईल. पाच-सहा वेळा इकडून तिकडे गेलो. "हो" लिहिलं तर अठ्ठावीसला दार वाजणार होतं. साहेबांना आठवडाभर काही झालं नसतंही कदाचित, चिवट आहेत. आणि झालंच असतं तर तू तोवर लांब असतीस, आणि मी तुला वीज गेली होती असं कळवलं असतं.

वीज गेलीच नव्हती. सहा तास नाही, चार नाही, एक मिनिटसुद्धा नाही.

तुझी आई गेल्याचा पाचवा दिवस. तू तिच्या ऑफिसात कागदांवर सह्या करायला गेली होतीस. दुपारी लोक भेटायला येणार होते. टाकीला वास येतोय असं मला वाटलं. आलाही नसेल. मी फिल्टर उघडला. स्पंज तपकिरी, चिकट. नळाखाली धरून पिळत बसलो, पाणी स्वच्छ यायला अर्धा तास लागला. तेवढ्यावर भागलं नाही. केंद्रात टाक्या धुवायचो तसा ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवला, पुन्हा धुतला. नव्यासारखा पिवळा झाला. त्या आठवड्यात माझ्या हातून नीट झालेलं ते एकच काम होतं. मला फार बरं वाटलं होतं. हे कधी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहिला मासा मरून वर आला. तू विचारलंस, "बाबा, फिल्टरला हात लावला होता का?" तेव्हा मला कळलं. नेमकं काय ते नाही, पण माझ्यामुळे, एवढं कळलं. मी म्हटलं, नाही, वीज गेली होती. तू आणखी दोनदा विचारलंस, आणि दोन्ही वेळा मी वीजच सांगितली. अकरा मासे गेले. मग तू स्वतः फिल्टर उघडलास, तो पिवळा स्पंज हातात धरून माझ्याकडे बघितलंस आणि चौथ्यांदा विचारलं नाहीस. साहेबांना बादलीत घातलंस.

तिचं म्हणून घरात जिवंत असं तेवढंच उरलं होतं, आणि ते मी मारलं. हे तोंडाने म्हणता येईना. तुझ्यासमोर तर नाहीच.

केंद्रात दर तासाला वहीत आकडा लिहायचा, पुढे "नोंद खरी" असे दोन शब्द आणि सही. एकतीस वर्षांत एकही आकडा खोटा लिहिला नाही. वाईट आला तरी वाईटच लिहिला, वरून बोलणी खाल्ली. खोटं मी घरात बोललो, तुझ्याशी, तीनदा.

साहेबांना आणू नकोस. पाणी अजून विषारी आहे. त्यांना दुकानदाराकडे दे. तू भेटणार नाहीस याचं मला फार वाईट वाटतं आहे. त्यावर काही उपाय नाही म्हणून नुसतं लिहून ठेवतो.

नायट्राइट जांभळं. नोंद खरी.

बाबा


२९ मार्च

ठकू,

काल दार वाजलं तेव्हा मला वाटलं शेजारचे काका पेपर मागायला आले. दारात तू होतीस, आणि हातात बादली नव्हती, बरणी होती. किती वाळली आहेस.

खाली टॅक्सी उभी होती, म्हणून तू बसली नाहीस. टाकीजवळ गेलीस, वाकून बघितलंस, बोट बुडवून वास घेतलास. आईही तसाच घ्यायची.

"साहेब कुठेत?" मी विचारलं.

"आमच्या शेजारच्या काकूंकडे. टाकीसकट. दोन-तीन आठवडे ठेवतील." बरणी पुढे केलीस. "हा त्यांच्या फिल्टरचा अर्धा स्पंज. सकाळीच कापला. ओला आहे तोवर घाला."

"पत्रं वाचलीस?"

"सगळी. शेवटचं दोनदा."

मी बरणी घेतली. मग तूच बोललीस. आवाज अगदी साधा होता, रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. "बाबा, पहिला मासा गेला त्या दिवशी खरं सांगितलं असतंत ना, तर आपण दोघांनी मिळून पाणी बदललं असतं. रोज बदललं असतं. निम्मे तरी वाचले असते."

"हो," मी म्हटलं.

हे मला माहीत नव्हतं, ठकू. मला वाटत होतं मासे स्पंजाने मेले आणि खोटं नंतरचं. निम्मे त्या खोट्यानेच मेले. काल दिवसभर त्याच विचारात होतो.

खाली हॉर्न वाजला. तू जिन्यात थांबलीस. "धुवायचं नाही," म्हणालीस. मी नाही म्हटलं. "विमानात बसले की मावशीला कळवते," म्हणालीस, आणि मग दोन पायऱ्या उतरून, "तुम्हालाही." टॅक्सी वळेपर्यंत मी गॅलरीत होतो. तू वर बघितलं नाहीस. चालेल.

आता तुला न दिसलेलं लिहितो. बरणी स्वयंपाकघरात नेली, झाकण काढलं, स्पंज हातात घेतला. तपकिरी पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, कुबट वास आला. आणि मी सिंकपाशी होतो. स्पंज नळाखाली होता, दुसरा हात नळावर. तिथवर कसा गेलो ते मला सांगता येणार नाही. तेव्हाही घरात कुणी नव्हतं.

नळ उघडला नाही. पण हात नळावर गेला होता, हे तुला कळवतो.

मग स्पंज टाकीच्या फिल्टरमध्ये बसवला. सगळं पाणी गढूळ झालं, पलीकडची भिंत दिसेना. मी खुर्चीवर बसून राहिलो. जेवणाच्या वेळेपर्यंत गाळ खाली बसला.

बाबा


१ एप्रिल

ठकू,

हे पत्र तुझ्या तिकडच्या पत्त्यावर पाठवतो आहे. मावशीने लिहून दिला, पिन कोड तिला दोनदा विचारला.

सकाळी आठ वाजता: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. खिडकीत धरून बघितलं. माझ्यावर विश्वास नको म्हणून मावशीला बोलावून नळी दाखवली. ती म्हणाली निळी. दुपारी अमोनियाचे थेंब घालून चार तासांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही निळी. दुकानातल्या बाईला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "काका, आता मासा आणा, नाहीतर ते उपाशी मरतील."

रविवारी काकूंकडे साहेबांना आणायला जातो आहे. झाकणाची बादली घेतली आहे. दोन तासांचा रस्ता आहे, त्यांना हवा लागेल, म्हणून बॅटरीवरचा तो पंप बरोबर नेतो. वीज जाईल म्हणून आणला होता, एकदाचा कामाला येईल.

तारीख एक एप्रिल आहे, पण नोंद खरी आहे.

बाबा